लाईट बिल का वाढलं? एनर्जी मॉनिटर लावून शोध घेताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुळे सोलापूर असो, शेळगी असो की नीलम नगर, चौकशी एकच असते: "वापर तोच आहे, मग बिल वाढलं कसं?" त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. युनिटचे दर मुद्दाम दिलेले नाहीत. ते बदलत राहतात आणि तुमच्या बिलावर छापलेले असतातच. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एखादी गोष्ट दुसरीकडे सांगितली असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एनर्जी मॉनिटर म्हणजे नक्की काय? महावितरणचं मीटर आहेच की घरात.

मीटर महिन्याची बेरीज देतं. मॉनिटर या घडीला किती वॅट ओढले जातायत ते दाखवतो आणि दिवसभराचा आलेख साठवून ठेवतो. रात्री तीन वाजता सगळं घर झोपलेलं असताना दोनशे वॅट कोण खातंय, हा प्रश्न मीटर बघून कुणाला पडत नाही. आलेख बघितला की लगेच पडतो.

एक गैरसमज आधीच काढून टाकू. मॉनिटर लावल्याने बिल कमी होत नाही, तो फक्त दाखवतो. आणि सॉकेटमध्ये खुपसायच्या 'पॉवर सेव्हर' नावाच्या ज्या डब्या विकतात त्यांचा आणि मॉनिटरचा काही संबंध नाही. त्या डबीत बहुधा एक कपॅसिटर आणि एक दिवा असतो. घरगुती बिल युनिटवर येतं, पॉवर फॅक्टरवर (ओढलेल्या करंटपैकी किती खऱ्या कामाला लागतो त्यावर) येत नाही, त्यामुळे ती काहीही वाचवत नाही. तिचा दिवा जळतो तेवढी भर मात्र पडते.

२. कुठला घ्यायचा? ऑनलाईन बघितलं तर डोकंच फिरतं.

कामाचे प्रकार तीनच. पहिला, सॉकेट आणि प्लगच्या मध्ये बसणारा. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन अशी एकेक वस्तू तपासायला उत्तम आणि स्वस्त. गिझर किंवा एसीसाठी १६ अँपियरचाच घ्या. ६ अँपियरचा लावला तर वितळतो. दुसरा, डीबीमध्ये (घराचे मुख्य खटके असतात त्या डब्यात) तारेभोवती चिमटा अडकवायचा, म्हणजे क्लॅम्पवाला. हा पूर्ण घराचा आलेख मोबाईलवर देतो. तिसरा, डीबीमध्ये एमसीबीशेजारी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारे खटके) पट्टीवर बसणारा छोटा मीटर.

शोध घ्यायचा असेल तर क्लॅम्पवाला घ्या, पण त्याला व्होल्टेजची जोडणीही असली पाहिजे. नुसता चिमटा करंट मोजतो आणि व्होल्टेज २३० धरून गुणाकार करतो. तो आकडा का फसवतो ते प्रश्न ११ मध्ये आहे. थ्री फेज कनेक्शन असेल तर तीन क्लॅम्प लागतात. एकच लावून बघणारे लोक तिसरा हिस्सा बघतात आणि खूश होतात.

डीबी उघडायचं काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. मीटरचं सील आणि मीटरच्या आधीची सर्व्हिस वायर यांना त्यानेही हात लावायचा नाही.

३. मॉनिटर न घेता काही कळतं का?

बरंच कळतं. मीटरवर एक लाल दिवा उघडझाप करत असतो. त्याच्याजवळ ३२०० इम्प, १६०० इम्प असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे एक युनिट जळेपर्यंत दिवा तितक्या वेळा लागणार. दोन उघडझापींमधले सेकंद मोजा. ३६ लाखांना आधी इम्पच्या आकड्याने आणि मग सेकंदांनी भागा, की वॅट मिळाले. ३२०० इम्पच्या मीटरवर दहा सेकंदांचं अंतर म्हणजे साधारण ११२ वॅट, वीस सेकंदांचं म्हणजे ५६. एकाच उघडझापीवर भरवसा ठेवू नका. मोबाईलच्या स्टॉपवॉचवर दहांचा वेळ घ्या आणि सरासरी काढा.

याच्या जोडीला झोपताना आणि उठल्यावर मीटरचं रीडिंग वहीत लिहायचं. आठवडाभराची ती वही बघूनच निम्म्या लोकांचं कोडं सुटतं आणि मॉनिटरचे पैसे वाचतात.

४. मागच्या महिन्यापेक्षा बिल दुप्पट आलं. लगेच मॉनिटर मागवू का?

आधी बिल नीट वाचा. चालू रीडिंग आणि तुमच्या मीटरवरचं रीडिंग जुळतंय का? बिलावर रीडिंगच्या जागी सरासरी किंवा घर बंद असा शेरा आहे का? मागचे दोन महिने सरासरीवर काढले असतील तर यावेळी साठलेले सगळे युनिट एकदम आलेले असतात. अशा वेळी ते युनिट तितक्या महिन्यांत वाटून दर लावलाय का, हे तपासा, कारण एकाच महिन्यात धरले तर वरच्या टप्प्यात जातात.

मग दिवस मोजा. एक बिल २८ दिवसांचं आणि दुसरं ३४ दिवसांचं असेल तर रकमांची तुलना करून उपयोग नाही. युनिट भागिले दिवस करा. तुलना मागच्या महिन्याशीही नको, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. सोलापुरात फेब्रुवारी आणि एप्रिल ही दोन वेगळी गावं आहेत.

टप्प्यांबद्दल: घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात. ३०१ वं युनिट जळलं म्हणून आधीच्या तीनशेंचा दर वाढत नाही, फक्त पुढच्या युनिटना वरचा दर लागतो. पण त्यावर वहन आकार (वीज वाहून आणण्याचे दर युनिटमागचे पैसे) आणि १६ टक्के वीज शुल्क चढतं, त्यामुळे शेवटचे पन्नास युनिट सगळ्यांत महाग पडतात. थकबाकी आणि अतिरिक्त सुरक्षा ठेव हेही वेगळं काढून बघा. उन्हाळ्याच्या तोंडाला ठेवीचं बिल आलं की लोक त्यालाच वापर समजतात.

युनिटच वाढलेले असतील, तरच पुढचं वाचा.

५. मॉनिटर लावला. आता आधी काय बघायचं?

रात्री दोन ते पहाटे पाच. बाकी सगळं नंतर.

या वेळात आलेखाची जी तळरेघ दिसते तो घराचा कायमचा खर्च. ती चोवीस तास चालू असते, फक्त दिवसा इतर उपकरणांखाली दबून जाते. एक वॅट वर्षभर चालू राहिला तर पावणेनऊ युनिट होतात. तळरेघ १८० वॅटवर असेल तर महिन्याला सुमारे १३० युनिट, म्हणजे कुणी एक बटणही न दाबता शंभराचा टप्पा पार. लोक दोन हजार वॅटच्या इस्त्रीला घाबरतात, पण ती आठवड्यातून तासभर चालते. खरं खातं ते गुपचूप आणि सतत चालणारं.

रात्री पंखे चालू असतील तर ते वजा करा. साधा जुना पंखा पूर्ण वेगात ७५ वॅटच्या आसपास, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) पंखा ३० ते ३५. पंखे, फ्रिज, वायफाय वजा करून उरणारा आकडा ३० ते ४० वॅटच्या आत असेल तर तळ साफ आहे, तुमचा प्रश्न दिवसाच्या वापरात आहे. त्याच्या वर असेल तर प्रश्न ६ कडे जा.

तळरेघ झाली की उंचवटे बघा. दर पाऊण तासाने येणारा, सारख्या उंचीचा छोटा उंचवटा म्हणजे फ्रिज. दोन हजार वॅटची सरळ भिंत, दहा-पंधरा मिनिटांची, म्हणजे गिझर. चढताना क्षणभर टोक येऊन मग हजाराच्या आसपास सपाट चालणारा, ती मोटर. चार दिवसांत तुमच्या घराचे आकार ओळखीचे होतात. जो आकार ओळखू येत नाही, त्याची वेळ लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्या वेळेला घरात फिरून बघा. मॉनिटर किमान दहा-बारा दिवस ठेवा. त्याचं इथलं खास कारण प्रश्न ९ मध्ये आहे.

६. सगळी बटणं बंद असतात तरी १५०-२०० वॅट दिसतात. कोण खातंय?

खटके पाडून बघायचं. दुपारी, घरात दोघं असताना करा. एक जण डीबीपाशी, दुसरा मोबाईलवर आकडा वाचायला. आधी फ्रिजचा प्लग काढा, नाहीतर त्याचा कॉम्प्रेसर मध्येच सुरू होऊन हिशोब बिघडवतो. मग एकेक एमसीबी पाडा, मिनिटभर थांबा, आकडा किती उतरला ते लिहा, पुढचा पाडा. उचलू नका, पाडतच जा. शेवटी शून्य आलं पाहिजे. ज्या खटक्याला मोठी उडी दिसली तो पुन्हा उचला आणि त्या खोलीत जाऊन तिथले प्लग एकेक काढा.

काय सापडतं? सेट टॉप बॉक्स, रिमोटने बंद केला तरी ८ ते १५ वॅट. राऊटर ६ ते १२. कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) आणि चार कॅमेरे मिळून ३० ते ५०. एसी आणि फ्रिजचे जुने स्टॅबिलायझर, एसी डिसेंबरपासून बंद असला तरी १० ते २०, आणि हात लावला तर कोमट लागतात. टाकीच्या लेव्हल कंट्रोलरचा (पाणी उतरलं की मोटर आपोआप लावणारा) ट्रान्सफॉर्मर. देवघरातला चोवीस तासांचा दिवा. मच्छरचं लिक्विड मशीन. मोबाईल चार्जरचं आणि टीव्हीच्या लाल ठिपक्याचं नाव फार निघतं, पण ते बहुतेक अर्धा-एक वॅटच्या आत असतात. त्यांच्या मागे लागून घरात भांडणं करू नका.

गिझर बटण चालू ठेवून विसरला गेला असेल तर तो तळरेघेत दिसत नाही. तो मधूनमधून थोडा वेळ लागतो. पाणी कुणी न वापरताही १५ लिटरचा गिझर दिवसाला अर्धं युनिट, जुना असेल तर त्याहून जास्त नुसता गरम राहण्यात घालवतो. चोवीस तासांचा हा तोटा त्याच्या स्टार लेबलवर छापलेला असतो.

इतकं करून मोठा आकडा एकाच जागी सापडला, तर दहापैकी बऱ्याच वेळा तो इन्व्हर्टर निघतो.

७. इन्व्हर्टर तर लाईट गेल्यावरच चालतो. तो कसा काय वीज खाईल?

लाईट असताना तो बॅटरी चार्ज करतो, आणि चार्ज झाल्यावरही स्वतःच्या ट्रान्सफॉर्मरसाठी १० ते ३० वॅट घेत राहतो. तेवढं चालायचंच. खोट बॅटरीत असते. चांगली बॅटरी भरत आली की करंट कमी कमी होत काही वॅटवर येतो. चार-पाच वर्षं जुनी, प्लेट खराब झालेली बॅटरी कधी भरतच नाही. चार्जर बिचारा ओतत राहतो आणि ती उष्णता करून टाकते. शंभर वॅट असे सतत गेले तर महिन्याला ७२ युनिट.

ओळखायची सोपी खूण: लाईट गेलेली नसताना, सकाळी, बॅटरीच्या बाजूला तळहात टेकवा. खोलीपेक्षा कोमट लागली, आतून बुडबुड ऐकू आली आणि डिस्टिल्ड वॉटर दर महिन्याला घालावं लागत असेल, तर बॅटरी गेली. पक्कं करायला इन्व्हर्टरचा प्लग मॉनिटरमधून लावा आणि चोवीस तास ठेवा. मध्ये लाईट जाऊन आली असेल तर तो दिवस धरू नका, कारण त्यानंतर काही तास दीडशे-दोनशे वॅट जाणं रास्तच आहे.

८. फ्रिज किती खातो? आमचा पंधरा वर्षं जुना आहे.

एका मिनिटाचा आकडा बघून फ्रिजबद्दल काही सांगता येत नाही, चोवीस तासांचे युनिट बघा. साधारण २०० ते २५० लिटरचा धडधाकट फ्रिज दिवसाला अर्धा ते एक युनिट घेतो, उन्हाळ्यात त्याहून थोडा जास्त. दोनच्या वर गेला तर दाराचं रबर बघा: कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा, सहज निघून आली तर रबर सैल आहे. मागची जाळी भिंतीला टेकलेली असणं आणि तिच्यावर धुळीची गोधडी हेही कारण असतं. फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये दिवसातून एक-दोनदा वीस-तीस मिनिटांचा दीडशे-दोनशे वॅटचा वेगळाच उंचवटा दिसतो. तो बर्फ वितळवणारा हीटर, बिघाड नव्हे.

९. कधी दिवसाला चार युनिट, कधी एकदम सात. असं का?

पाणी सुटायचा दिवस बघा.

उजनीचं पाणी नळाला रोज येत नाही. ते येतं त्या दिवशी हौद भरतो, वरच्या टाकीत चढवायला मोटर चालते, साठवून ठेवलेले कपडे धुऊन निघतात, वॉशिंग मशीन दोनदा फिरते, इस्त्रीही त्याच नाहीतर दुसऱ्या दिवशी. त्यामुळे इथे सोमवारची तुलना सोमवारशी करून चालत नाही. एका आठवड्यात पाण्याचा एक दिवस आला आणि पुढच्यात दोन आले, तर दुसरा आठवडा उगाच गुन्हेगार ठरतो. कॅलेंडरवर पाणी सुटलेल्या दिवसावर खूण करा आणि एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंतचे युनिट मोजा. प्रश्न ५ मध्ये दहा-बारा दिवस सांगितले ते यासाठी: निदान दोन फेऱ्या पूर्ण सापडाव्यात.

आता मोटरकडे. एक एचपीची मोटर चालताना हजार ते बाराशे वॅट घेते, म्हणजे तासाला साधारण एक युनिट. हौदातून पाचशे लिटरची टाकी भरायला तिला पाऊण तास लागत असेल तर काहीतरी अडलंय. आलेखावर दोन गोष्टी कळतात. मोटर चालू आहे पण नेहमीपेक्षा वॅट कमी दिसतात, म्हणजे ती पाणी ओढत नाही. हवा धरली आहे किंवा फूट व्हॉल्व्ह (हौदातल्या पाईपच्या तोंडाचा) गळतोय. वॅट नेहमीपेक्षा जास्त आणि आवाज घरघर, म्हणजे बेअरिंग धरलंय.

आणि एक प्रकार असा सापडतो की घरच्यांचा विश्वास बसत नाही. ऑटोमॅटिक लेव्हल कंट्रोलर आहे, टाकी कायम भरलेली, सगळे निश्चिंत. पण रात्रभर दर दोन तासांनी पाच मिनिटांचा हजार वॅटचा उंचवटा. कुणी नळ सोडलेला नाही. टाकीतलं पाणी गळक्या व्हॉल्व्हमधून चढत्या पाईपनेच परत हौदात उतरतं, कंट्रोलर ते पुन्हा वर चढवतो. तेच पाणी, तीच मोटर, रात्रभर. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे येऊ न देणारा) बदलला की उंचवटे थांबतात.

नळाला थेट मोटर लावण्याबद्दल विचारू नका. ते नियमात बसत नाही आणि शेजाऱ्याचं पाणी तोडतं.

१०. एप्रिल-मे मध्ये बिल वाढणारच ना? त्यात काय शोधायचं?

वाढणारच. पारा ४२-४३ वर असताना चार जुने पंखे रोज अठरा तास चालले तर महिन्याला १६० युनिट होतात, दोनशे वॅटचा कूलर बारा तास चालला तर आणखी ७२. एवढा हिशोब जुळला तर शोधायला काही नाही. जुळला नाही तरच पुढे जा. कूलरच्या पाण्याच्या पंपात क्षार साचून तो अडकला की वॅट वाढतात आणि गारवा कमी होतो. एसीची बाहेरची जाळी आपल्याकडच्या धुळीने भरली की कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेत नाही. आलेखावर चढउतार न दिसता सलग पठार दिसतं.

११. क्लॅम्पचा आकडा आणि मीटरचा आकडा जुळतच नाही. खोटं कोण बोलतंय?

बहुतेक वेळा क्लॅम्प, आणि त्यातही तो लावणारा. चिमट्यात फक्त फेजची एक तार हवी. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र धरल्या तर येणारा-जाणारा करंट एकमेकांना काटतो आणि शून्य दिसतं. चिमट्याची तोंडं पूर्ण मिटलेली हवीत. १०० अँपियरचा मोठा क्लॅम्प पाच-दहा वॅटला ओळखतच नाही.

क्लॅम्प जास्त दाखवत असेल तर पॉवर फॅक्टर आड येतोय. व्होल्टेजची जोडणी नसलेला मॉनिटर मोटर, जुन्या चोकची ट्यूबलाईट, स्टॅबिलायझर यांचे वॅट फुगवून सांगतो. ४० वॅटची जुनी ट्यूब चोकसकट पन्नासेक वॅट घेते, असा मॉनिटर ती शंभराची दाखवू शकतो. मीटर खरे वॅट मोजतं. तपासणीसाठी घरातलं सगळं बंद करून फक्त इस्त्री किंवा गिझर लावा. तिथे पॉवर फॅक्टर एक असतो, दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत.

क्लॅम्प कमी आणि मीटर जास्त दाखवत असेल, तर गंभीरपणे घ्या. प्रश्न १२ आणि १३ वाचा.

१२. मेन स्विच पाडला तरी मीटरचा दिवा उघडझाप करतोय. शेजारी चोरी करतोय का?

आधी आपल्याच घरात शोधा. मेन स्विचच्या आधीच जोडलेलं काहीतरी असू शकतं: जिन्यातला दिवा, बोअरची मोटर, गेटचा दिवा, कधीकाळी मांडवासाठी ओढलेली आणि तशीच राहिलेली वायर. अपार्टमेंटमध्ये तुमच्या मीटरवर भलताच फ्लॅट जोडलेला निघतो. मीटरच्या खोलीत तारांची अदलाबदल झालेली असते. पडताळा सोपा: तुमचा मेन पाडा आणि कुणाची लाईट जाते ते बघा. मग त्यांना त्यांचा पाडायला सांगा.

यातलं काही नसेल आणि मीटरनंतरच्या तारेवर कुणी जोड घेतलाय असं खरंच दिसत असेल, तर फोटो काढा आणि १९१२ या फोन नंबरवर तक्रार नोंदवा. तार तोडायला स्वतः जाऊ नका. वीजचोरीसाठी २००३ च्या वीज कायद्यात कलम १३५ आहे, ते काम महावितरणचं. भांडणाचा जोर मॉनिटरच्या एका दिवसाच्या आलेखावर मात्र लावू नका.

१३. घराची वाटणी झाली, वर दादा, खाली आम्ही. मीटर दोन, इन्व्हर्टर एकच. दोघांचंही बिल वाढलंय. हे शक्य आहे?

शक्य आहे, आणि जुन्या पेठांमधल्या घरांत हे फार दिसतं. आपल्याकडचं सिंगल फेज मीटर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांमधला करंट मोजतं. दोन्ही सारखे असायला हवेत. फरक आला तर मीटर जास्त असलेला करंट धरून युनिट मोजतं. चोरी पकडायला केलेली ही सोय आहे.

आता तुमच्या घरात बघा. इन्व्हर्टरला फेज खालच्या मीटरवरून मिळतो. तिथून एक तार वरच्या पंख्यांना नेली, पण वायरमनने न्यूट्रल वरचाच ठेवला, कारण तार वाचते. वरचा पंखा लावला की करंट खालच्या फेजमधून जातो आणि वरच्या न्यूट्रलमधून परततो. खालच्या मीटरला फेज जास्त दिसतो, ते मोजतं. वरच्या मीटरला न्यूट्रल जास्त दिसतो, तेही मोजतं. एका पंख्याचं बिल दोन भाऊ भरतात आणि एकमेकांकडे बघतात.

खात्री करायला क्लॅम्प आधी फेजवर, मग न्यूट्रलवर लावा. घरातला वापर तोच ठेवून दोन्ही आकडे वेगळे आले तर न्यूट्रल मिसळलाय. पुष्कळ मीटरवर अर्थ किंवा ई/एल लिहिलेला छोटा दिवा असतो, अशा वेळी तो लागलेला दिसतो. इलाज: इन्व्हर्टरवरच्या सगळ्या जागांचा फेज आणि न्यूट्रल एकाच मीटरकडचा करणे, नाहीतर वर वेगळा इन्व्हर्टर. दिवसभराचं काम आहे. मागच्या युनिटचे पैसे मात्र परत मिळत नाहीत, कारण वायरिंग आपलं.

१४. भिंतीला ओल आहे, बोर्डला हात लावला की झिणझिण्या येतात. यानेही बिल वाढतं?

वाढू शकतं, पण बिलाचं नंतर बघा. त्या सर्किटचा एमसीबी आत्ता पाडा आणि वायरमन येईपर्यंत उचलू नका. लीकेज पकडायला फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकत्र क्लॅम्पमध्ये धरतात. शून्य यायला हवं, नाही आलं तर तेवढा करंट जमिनीत जातोय. यासाठी मिलिअँपियर वाचणारा क्लॅम्प लागतो, घरगुती मॉनिटर पुरत नाही. बोअरच्या पाण्यात बुडालेल्या केबलचा जोड आणि गिझरचं एलिमेंट हे नेहमीचे संशयित. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा खटका) बसवलेला असेल तर हा प्रश्न बिलाआधीच समजतो. तो सारखा पडतो म्हणून काढून टाकणारे वायरमन आहेत. त्यांना पुन्हा बोलावू नका.

१५. घरी युनिफॉर्म शिवायच्या चार मशीन आहेत. सुट्टी सोडून बाकी दिवस वापर फार दिसतो.

मशीनखालची मोटर बघा. जुनी क्लच मोटर बटण चालू असेपर्यंत फिरतच राहते, पायाखाली पट्टी दाबा अगर दाबू नका. बाई कापड मांडतेय, धागा ओवतेय, चहा पितेय, मोटर चालू. सर्वो मोटर पाय दाबला तरच फिरते. एका मशीनवर मॉनिटर लावून दोन्हींचा दिवसाचा फरक बघा आणि मग बदलायचा निर्णय घ्या.

दराचंही लक्षात असू द्या. राहत्या घराच्या भागात छोटा धंदा असेल आणि वापर महिन्याला ३०० व वर्षाला ३,६०० युनिटच्या आत असेल तर घरगुती दर चालतो. त्याच्या वर गेल्यास दर बदलतो. यंत्रमागाला वेगळंच कनेक्शन लागतं. घरच्या मीटरवर माग चालवला तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली (अनधिकृत वापर) आकारणी होते.

१६. छतावर सोलर आहे. दुपारी मॉनिटर वापर जास्त दाखवतो, हे उलटं कसं?

क्लॅम्पला दिशा कळत नसेल तर बाहेर जाणारी वीजही तो वापर म्हणूनच दाखवतो. दिशा ओळखणारा मॉनिटर घ्या, चिमट्यावरचा बाण घराकडे ठेवा आणि सोलरच्या तारेवर दुसरा क्लॅम्प लावा. घराचा खरा वापर या दोन्हींच्या बेरजेतून निघतो. तळरेघेचं काम रात्रीच करायचं असल्याने तिथे सोलरची अडचण येत नाही.

१७. स्मार्ट मीटर बसवला आणि बिल वाढलं. मीटरच जोरात पळतंय का?

आधीचं मीटर चकतीचं असेल तर ते वयाने मंद झालेलं असू शकतं, आणि राऊटर-सेट टॉप बॉक्ससारखा किरकोळ वापर त्याला जाणवतही नव्हता. नव्याला जाणवतो. म्हणून आधी प्रश्न ६ करा. मग व्होल्टेजची जोडणी असलेला मॉनिटर लावून दोन-तीन दिवस मीटरशी ताडून बघा. दोन-चार टक्क्यांचा फरक मॉनिटरचाच असू शकतो. स्मार्ट मीटरचा एक फायदा घ्या: वेळेनुसारचा वापर महावितरणच्या ॲपवर बघता येतो, म्हणजे रात्रीची तळरेघ मॉनिटरशिवायही काढता येते.

१८. सगळं तपासलं, मीटरच चुकतंय याची खात्री आहे. आता कुठे जायचं?

महावितरणच्या तुमच्या उपविभागात मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तपासणी शुल्क भरावं लागतं. माणूस जागेवर येऊन आपल्या यंत्राने मीटर ताडून बघतो, गरज पडली तर मीटर प्रयोगशाळेत जातं. तो येईल तेव्हा घरी थांबा आणि अहवालाची प्रत मागून घ्या. अर्जासोबत मॉनिटरचे आलेख जोडायला हरकत नाही, पण तो पुरावा धरला जाईल असं समजू नका. रोजच्या रीडिंगची तारीख-वेळेसकट फोटोंची मालिका जास्त उपयोगी पडते.

तपासणी चालू असताना बिल थकवू नका. हरकत नोंदवून भरा, नाहीतर कनेक्शन तुटायची वेगळी डोकेदुखी होते. उत्तर पटलं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्याच्या वर विद्युत लोकपाल. मंचाकडे जाताना अर्जाची पोच, तपासणीचा अहवाल आणि निदान वर्षभराची बिलं तारखेप्रमाणे लावून न्या.